मोठ्या नदीवर रेल्वे आणि रस्ता: एकाच पुलावर की दोन वेगळ्या पुलांवर?

पैलतीर

पुलाचा विषय निघाला की गप्पा लांबीवर येतात. किती किलोमीटर, देशात कितवा, आशियात कितवा. पुलाचा मोठा खर्च, जास्तीत जास्त वेळ आणि सगळ्यात मोठा धोका मात्र पाण्याखाली असतो, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतोय. प्रश्न असा: गंगा, ब्रह्मपुत्रा, बांगलादेशातली पद्मा किंवा अमेरिकेतली मिसिसिपी अशा वाळूच्या, पात्र बदलणाऱ्या नदीवर रेल्वे आणि रस्ता एकाच पुलावरून न्यावेत की दोघांना स्वतंत्र पूल बांधावेत?

माझं मत आधीच सांगतो. पाया दोघांचा मिळून एकच असावा, आणि तो पहिल्या दिवसापासून दोघांचा भार धरून आखलेला असावा. खर्चाची बचत हे एक कारण झालं, पण तेवढ्यासाठी मी म्हणत नाही.

मिसिसिपीवरचा, सेंट लुईसचा ईड्स पूल घ्या. ४ जुलै १८७४ ला खुला झाला, वर रस्ता आणि खाली रेल्वे. बांधणारे जेम्स ईड्स त्याआधी मिसिसिपीत बुडालेल्या बोटींमधला माल वर काढायचा धंदा करत. डायव्हिंग बेलमधून (तळ उघडा असलेल्या, हवा भरलेल्या भांड्यातून) ते स्वतः नदीच्या तळावर उतरलेले होते. पुराच्या दिवसांत तळाची वाळू एका जागी राहत नाही, वरचा थरच्या थर पाण्याबरोबर चालू लागतो, हे त्यांना पायाखाली जाणवलं होतं. त्यामुळे खांब खडकापर्यंतच न्यायचे, अधेमधे थांबायचं नाही, यावर ते अडून बसले. पूर्वेकडचा खांब पाण्याच्या पातळीखाली सुमारे २८ मीटरवर टेकला. दाबाखालच्या हवेत काम करून वर येताना कामगारांचे सांधे धरायचे, काहींना लकवा झाला, डझनभराहून जास्त माणसं गेली. त्या आजारामागचं कारण तेव्हा कुणालाच नीट उमगलेलं नव्हतं. पुलाखाली ती माणसं आहेत, हे विसरून त्या पुलाचं कौतुक करता येत नाही.

आता पाटण्याचा महात्मा गांधी सेतू बघा. १९८२ मध्ये खुला झाला, गंगेवरचा, साडेपाच किलोमीटरहून लांब. काँक्रीटचे कॅन्टिलिव्हर (खांबातून बाहेर काढलेले हात) दोन्ही बाजूंनी येऊन गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाच्या, मध्यावर बिजागरीने जोडलेले. थोड्याच वर्षांत ते मध्यावर खाली वाकू लागले, दुरुस्त्या संपेनात. शेवटी वरचं सगळं काँक्रीट उतरवून त्याच खांबांवर पोलादी ट्रस (पट्ट्या जोडून केलेले सांगाडे) बसवले, ते काम २०२२ मध्ये पुरं झालं. म्हणजे ४० वर्षांत वरचा पूल बदलला आणि विहिरी, म्हणजे खांबांखालचा खोल पाया, होत्या त्याच राहिल्या. प्रयागराजचा यमुनेवरचा जुना नैनी पूल १८६५ चा. त्याचेही गर्डर (खांबांवरच्या आडव्या तुळया) मधल्या काळात बदलले, खांब तेच. वर रेल्वे, खाली रस्ता, अजून चालू आहे.

वरचा भाग प्रत्येक पिढी आपल्या गरजेनुसार बदलू शकते. पाया बदलता येत नाही. मग एवढ्या कष्टाने नदीत उतरायचंच असेल तर दोघांसाठी एकदाच उतरावं, असं मला वाटतं. तुमचं काय मत?

नुसतीच वाचक

छान विषय. एक प्राथमिक शंका. नैनीला रेल्वे वर आणि रस्ता खाली, सेंट लुईसला उलटं. हे कशावर ठरतं?

जुना स्लीपर

हल्ली बहुतेक ठिकाणी रेल्वे खाली आणि रस्ता वर असतो. आसामातले ब्रह्मपुत्रेवरचे सरायघाट (१९६२) आणि बोगीबील (२०१८), चीनमधला यांगत्सेवरचा वुहानचा पूल (१९५७), सगळे तसेच. कारण चढाचं आहे. मालगाडीला चढ सोसत नाही. मैदानी भागात दोनशेत एक असा चढ ठेवायचा म्हटलं तर रूळ १० मीटर जास्त उंच न्यायला दोन्ही काठांवर दोन-दोन किलोमीटर भराव वाढतो. रस्त्याला तीसात एक चालतो, म्हणजे तेवढीच उंची ३०० मीटरमध्ये चढून होते. म्हणून रूळ खाली ठेवायचे आणि रस्त्याने वर चढायचं.

शिवाय रेल्वेचा भार जड आणि एकवटलेला असतो, तो ट्रसच्या खालच्या अंगाला घेतला की वरचा रस्ता तुलनेने हलका राहतो.

पैलतीर, पायाबद्दल लिहिलंत ते बरं झालं. माझी नोकरी विहिरी उतरवण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

गंगेच्या मैदानात खडक हाताला लागत नाही. तिथे विहीर उतरवतात. आधी वाळूवर पोलादी कटिंग एज (धारदार कडा) ठेवायची, तिच्यावर कर्ब (भिंतीचं तळाचं कडं), कर्बवर काँक्रीटची जाड गोल भिंत, तिला आम्ही स्टेनिंग म्हणतो. आतली वाळू ग्रॅबने (क्रेनला टांगलेल्या पंजाने) उपसत राहायचं. आधार गेला की विहीर स्वतःच्या वजनाने खाली बसते. मग वर भिंतीचा आणखी एक टप्पा ओतायचा आणि पुन्हा उपसा. सांगायला सोपं आहे. चिकणमातीचा थर लागला की विहीर हटून बसते. मग वरून वजन ठेवा, बाहेरून पाण्याचे फवारे सोडा. कधी कटिंग एजखाली शेकडो वर्षांपूर्वी गाडलेला झाडाचा ओंडका येतो. एक बाजू अडते, दुसरी उतरत राहते आणि विहिरीला कल येतो.

एकदा रात्रपाळीत असाच कल यायला लागला. चारी बाजूंच्या खुणा दर अर्ध्या तासाला लेव्हलवर वाचत होतो आणि प्रत्येक वाचनात फरक वाढत होता. रस्त्याच्या पुलांच्या नियमांत ८० त १ एवढा कल आणि १५० मिलिमीटर सरकणं चालतं, त्यापुढे गेलं की डिझाइनवाल्यांना बोलवा. ग्रॅब फक्त उंच राहिलेल्या बाजूला टाकायला लावला, त्याच बाजूला वरून वजन चढवलं, आणि पाणबुड्या खाली गेला. खाली मिट्ट काळोख, गढूळ पाण्यात हाताने चाचपत ओंडका शोधायचा आणि कापायचा. उजाडेपर्यंत विहीर सरळ व्हायला लागली होती. त्या पाणबुड्याचा पगार आम्हा सगळ्यांत कमी होता, हे मला आजही बरोबर वाटत नाही.

आणि हे सगळं पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा यायच्या आत. अर्धवट खोल विहीर पुरात सापडली तर ती आडवी पडायला वेळ लागत नाही. त्यामुळे पैलतीर यांचं म्हणणं मला पटतं. ही कसरत एकाच जागी दोनदा करायला लावू नये.

भोवरा

मी विरुद्ध बाजूने लिहितो.

एकच पूल म्हणजे एकाचं दुखणं दोघांना. दिल्लीचा यमुनेवरचा जुना लोखंडी पूल घ्या. जुलै २०२३ मध्ये पाणी समुद्रसपाटीपासून २०८.६६ मीटरपर्यंत चढलं, १९७८ चा २०७.४९ चा उच्चांक मोडला. पूल बंद करावा लागला, म्हणजे गाड्याही बंद आणि रस्ताही बंद. ज्या दिवशी शहराला पर्यायी वाट सगळ्यात जास्त हवी असते, त्याच दिवशी दोन्ही वाटा एकदम जातात.

दुसरं उदाहरण बांगलादेशातल्या जमुना पुलाचं (ही जमुना म्हणजे तिथली ब्रह्मपुत्रा, आपली यमुना नव्हे). १९९८ मध्ये सुरू झाला, ४.८ किलोमीटर. रस्त्याच्याच डेकवर (पुलाच्या सपाट पृष्ठावर) एका कडेला एकेरी रूळ. पुढे डेकला तडे गेले, गाड्यांचा वेग ताशी २० किलोमीटरवर आणला. वर्षानुवर्षं देशाच्या पूर्व-पश्चिम रेल्वे वाहतुकीची मान त्या एका रुळात अडकलेली होती. शेवटी शेजारी वेगळा दुपदरी रेल्वे पूल बांधला, मार्च २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे नदीत दुसऱ्यांदा उतरावं लागलंच ना? मग आधीच दोन का नाही बांधायचे?

आणि हार्डिंज पूल. पद्मेवरचा, १९१५ चा, फक्त रेल्वेचा. १९७१ च्या युद्धात त्याचा एक गाळा पडला. दुरुस्त होईपर्यंत रेल्वे थांबली. रस्त्याचा लालन शाह पूल शेजारी आला तो २००४ मध्ये. आज त्यातल्या एकाला काही झालं तर दुसरा आहे. यालाच मी शहाणपणाची मांडणी म्हणतो.

पैलतीर

भोवरा, जमुना पुलाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे मूळ कल्पना रस्त्याच्या पुलाची होती, रेल्वे नंतर त्यात घेतली. माझी अटच ही आहे की पहिल्या रेघेपासून दोघांचा विचार हवा. त्याच देशातला पद्मा पूल बघा, जून २०२२ मध्ये सुरू झाला. ६.१५ किलोमीटर, १५० मीटरचे ४१ गाळे, पोलादी ट्रस, वर चौपदरी रस्ता, आत रेल्वे. रस्ता आधी उघडला आणि गाड्या २०२३ मध्ये धावू लागल्या, पण जागा आणि ताकद आधीपासून राखून ठेवलेली होती. त्याच्या पोलादी पाइल (तळात ठोकलेल्या लांब नळ्या) ३ मीटर व्यासाच्या, १२० मीटरच्या आसपास खोल गेलेल्या. असं काम शेजारी पुन्हा करा म्हणून कोण सांगेल?

दिल्लीबद्दल: तो पूल १८६० च्या दशकातला आहे, तेव्हाच्या पूरपातळीवर बांधलेला. तिथला प्रश्न उंचीचा आहे. त्याच उंचीवर दोन वेगळे पूल असते तर दोन्ही बंद झाले असते.

भोवरा

उंचीचा मुद्दा मान्य. पण युद्ध, धडक, आग, डेकची दुरुस्ती, यातलं काहीही झालं तरी एका पुलावर दोघेही अडकणार, त्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. गांधी सेतूची दुरुस्ती चालू असताना अर्धाच पूल वापरात होता. तिथे तासन् तास अडकलेल्या रुग्णवाहिकांना तुमचा टिकाऊ पाया काय कामाचा?

गाळपेर

दोघांचंही वाचलं. मी नद्यांच्या गाळावर काम करते, त्यामुळे माझं बघणं पुलाकडून नदीकडे नसून नदीकडून पुलाकडे आहे. तुम्ही दोघेही नदीला एक ठरलेली रुंदी आहे असं धरून चाललाय. वाळूच्या नदीला तशी रुंदी नसते.

जेराल्ड लेसी यांचं १९३० च्या सुमाराचं सूत्र पुलाचं डिझाइन करणारे आजही वापरतात. स्थिर झालेल्या प्रवाहाची रुंदी म्हणजे विसर्गाच्या (सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या) वर्गमुळाच्या साधारण ४.८ पट. विसर्ग सेकंदाला ४०,००० घनमीटर धरला तर वर्गमूळ २००, रुंदी ९६० मीटर. प्रत्यक्षात नदी काठापासून काठापर्यंत सहा-आठ किलोमीटर पसरलेली असू शकते, कारण ती आज इथून, उद्या तिथून वाहते. एवढा सगळा पट्टा कुणी पुलाने झाकत नाही. प्रवाहाच्या दोन्ही बाजूंना मार्गदर्शक बंधारे घालून तिला आवळतात आणि पुलाखालून जायला भाग पाडतात. बोगीबीलला हेच केलंय, जमुनेवर आणि हार्डिंज पुलालाही हेच.

आता खोली. त्याच विसर्गाला, मध्यम वाळू धरून, लेसींच्या हिशेबाने पुरात तळ पूरपातळीखाली सरासरी १६ मीटरपर्यंत खरवडला जातो. खांबापाशी भोवरे होतात म्हणून तिथे दुप्पट धरतात, ३२ मीटर. पकड राहावी म्हणून आणखी एक तृतीयांश. म्हणजे पाया ४३ मीटरच्या आसपास गेला. वाळू बारीक असेल तर आणखी खोल. उन्हाळ्यात तुम्ही त्याच खांबाशेजारी कोरड्या वाळूवर उभे राहू शकता आणि पुराच्या तीन दिवसांत तुमच्या पायाखालची तीसेक मीटर वाळू नाहीशी झालेली असते. पूर ओसरताना ती परत भरते, त्यामुळे हिवाळ्यात मोजायला गेलात तर काही झालंच नाही असं दिसतं. सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी दगडांची सपाट पसरण असते, तिला ॲप्रन म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, दगड नुसते जमिनीवर का टाकून ठेवलेत? नदीने पायथा खाल्ला की ते दगड आपोआप उतारावर घरंगळत जातात आणि उघड्या पडलेल्या वाळूवर पांघरूण घालतात. खड्डा पडणार हे धरूनच केलेली ही योजना आहे. पण प्रत्येक मोठ्या पुरानंतर दगडांची भरती करावी लागते, आणि नेमका तोच खर्च दरवर्षी पुढे ढकलला जातो.

तुमच्या वादात मला एवढंच घालायचंय. दोन पूल बांधा, हरकत नाही, पण एकाच बंधाऱ्यांच्या जोडीत, जवळजवळ, आणि खांब एका ओळीत. दहा-वीस किलोमीटर अंतरावर दोन वेगळ्या जागी नदी आवळलीत तर मधल्या पट्ट्यात नदी कुठे जोर काढेल ते सांगता येत नाही. तिथल्या वाळूच्या बेटांवर आणि काठांवर शेती करणाऱ्या लोकांना विचारून कुणी पूल बांधत नाही. काठ तुटतो तेव्हा त्यांची जमीन जाते, आणि पुलाच्या अंदाजपत्रकात ती कुठेच नसते.

पैलतीर

गाळपेर, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे. अंदाजपत्रकात काठाच्या संरक्षणाला पूल संपल्यानंतरचीही तरतूद हवी, हे मी यापुढे माझ्या मुद्द्यातच धरतो.

नुसतीच वाचक

+१. वाळू उपशाचं काय? पुलाजवळ वाळू काढल्याने खरंच पाया उघडा पडतो का?

जुना स्लीपर

पडतो. विहीर उभी राहते ती भोवतालच्या वाळूच्या पकडीवर. तळ कायमचा चार मीटर खाली गेला तर पकड तेवढी कमी झाली, आणि पुरात पडणारा खड्डा त्या खालच्या पातळीपासून सुरू होतो. डिझाइन करताना धरलेलं सगळं गणित सरकतं. पोर्तुगालमध्ये दोरो नदीवरचा जुना रस्त्याचा पूल ४ मार्च २००१ च्या रात्री पुरात कोसळला. एक बस आणि काही मोटारी नदीत गेल्या, ५९ माणसं गेली. वर्षानुवर्षांच्या वाळू उपशाने खांबाभोवतीचा तळ खचला होता. संबंधित मंत्र्यांनी राजीनामा दिला.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एप्रिल १९८७ मध्ये स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल असाच गेला, १० माणसं दगावली. पायाभोवतीचे दगड वाहून गेले होते आणि वरून रस्ता धडधाकट दिसत होता. त्यानंतर तिथे पुलांचा पाण्याखालचा भाग तपासण्याचे नियम कडक झाले.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे: पुलाच्या वरच्या-खालच्या अंगाला यंत्र लावून वाळू काढताना दिसली तर फोटो काढा, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पूल ज्यांचा आहे त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रेल्वेच्या खांबांवर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पावसाळ्यात मोठ्या पुलांवर पहारेकरी बसतो, पाणी त्या खुणेला लागलं की गाड्या थांबवतात. पण ती खूण पाणी किती चढलं ते सांगते. तळ किती खाली गेला ते मोजायला बोटीतून पाण्याची खोली घ्यावी लागते, आणि तीही ऐन पुरात.

भोवरा

हे वाचून माझा मुद्दा मला आणखी पटला. पाया एक असेल आणि तो असा न दिसता पोखरला जात असेल, तर सगळी वाहतूक त्याच्यावर टाकणं जास्त जोखमीचं.

जलवाहतुकीचाही मुद्दा कुणी काढला नाही. मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल १८५६ मध्ये रॉक आयलंडला झाला. दोन-तीन आठवड्यांत एफी ॲफ्टन नावाची आगबोट त्याच्या खांबावर आदळली, पेटली, आणि पुलाचा गाळाही जळाला. बोटवाल्यांनी कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. ज्यूरीचं एकमत झालं नाही. नदी ओलांडणाऱ्याचा हक्क मोठा की नदीतून जाणाऱ्याचा, हा वाद तेव्हापासून आहे. पुढे-मागे दोन पूल आले की नावाड्याला खांबांच्या दोन रांगा चुकवाव्या लागतात, हे मात्र तुमच्या बाजूने जातं, ते मी कबूल करतो.

गाळपेर

त्यासाठीच खांब एका ओळीत, आणि नव्या पुलाचे गाळे जुन्याएवढे किंवा त्याच्या पटीत. प्रवाहालाही तेच सोयीचं.

नुसतीच वाचक

शेवटची शंका. पुलाच्या गर्डरला खांबाशी पक्कं का बांधत नाहीत? एका टोकाला रोलर दिसतात.

जुना स्लीपर

पोलाद उन्हाने वाढतं. १२५ मीटरचा ट्रस घ्या आणि थंडीतल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक धरा. लांबी ६० मिलिमीटर वाढते. एक टोक पक्कं, दुसरं रोलरवर, म्हणजे ती वाढ मोकळी होते. रोलरमध्ये माती-गंज अडकून तो जाम झाला तर तेवढा जोर खांबाच्या डोक्यावर येतो. रेल्वे पुलावर ब्रेकचा धक्काही तिथूनच खांबात उतरतो. बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो तो रोलरचा भाग) साफ करून ग्रीस करणं हे अगदी साधं काम आहे. मी तपासणीला गेलो की आधी तिथेच हात घालून बघायचो. बोटाला कोरडी माती लागली की पुढचा अहवाल काय असणार ते कळायचं.

पैलतीर

भोवरा यांच्या जोखमीच्या मुद्द्यावर विचार केला. ज्या शहराला नदीपार जायची एकच वाट आहे, तिथे दुसरी वाट हवीच, हे मी मान्य करतो. राजमहेंद्रीला गोदावरीवर तेच घडत गेलं. १९०० चा हॅवलॉक पूल, १९७४ चा रेल्वे-रस्ता पूल, १९९७ चा काँक्रीटच्या कमानींचा रेल्वे पूल, मग २०१५ चा रस्त्याचा. पण दुसरी वाट कधी लागेल हे रहदारीवरून ठरू द्या. पहिला पूल बांधताना रेल्वे किंवा रस्ता, यातल्या कुणाला वगळून पाया आखू नका, एवढ्यावर मी ठाम आहे.

ईड्स पुलाचं पुढे काय झालं तेही लिहितो, कारण वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांचं आयुष्य वेगवेगळं गेलं. खालची रेल्वे १९७४ मध्ये बंद पडली, रूळ पडून राहिले. वरचा रस्ता १९९१ मध्ये बंद झाला. १९९३ मध्ये खालच्या मजल्यावरून शहराची मेट्रोलिंक गाडी सुरू झाली, तेव्हा वर रस्ता नव्हता. रस्ता २००३ मध्ये पुन्हा उघडला. या सगळ्या उलथापालथीत नदीत नवा खांब घालावा लागला नाही.

भोवरा

हे उदाहरण चांगलं आहे. एक मजला बंद असताना दुसरा चालू राहिला, म्हणजे दुरुस्तीबद्दलची माझी हरकत निदान दुमजली ट्रसच्या बाबतीत ढिली पडते. पायाच्या तपासणीबद्दलची नाही. पुरातल्या खोलीच्या नोंदी दरवर्षी लोकांसमोर ठेवल्या तर मी एका पुलाला होकार देईन.